साखळी कोणाच्या हातात? वृत्तपत्रीय व्यंगचित्रातला कुत्रा

२५ एप्रिल २०१९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आंतोनियो या पोर्तुगीज व्यंगचित्रकाराचे एक चित्र छापून आले. काळा चष्मा लावलेले, अंध दाखवलेले डोनाल्ड ट्रम्प एका कुत्र्यामागून चालले आहेत. कुत्र्याचे धड डॅशहंड या बुटक्या जर्मन जातीचे आहे आणि तोंड इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांचे. कुत्र्याच्या गळपट्ट्याला दाविदाचा तारा हे ज्यूंचे चिन्ह लटकते आहे आणि ट्रम्प यांच्या डोक्यावर ज्यू पुरुष घालतात ती गोल टोपी आहे. चित्रावर टीकेचा भडिमार झाला, वृत्तपत्राने ते ज्यूद्वेषी असल्याचे मान्य करून माफी मागितली, आणि एकाच संपादकाने पुरेशा देखरेखीशिवाय ते निवडले होते असा खुलासाही केला. पण प्रकरण तिथे थांबले नाही. जूनमध्ये वृत्तपत्राने जाहीर केले की १ जुलैपासून या आवृत्तीत रोजचे राजकीय व्यंगचित्र छापले जाणार नाही. अमेरिकी आवृत्तीत ते आधीपासूनच नव्हते. पात्रिक शापात आणि हेंग किम सोंग हे या वृत्तपत्रासाठी नियमित काम करणारे दोन व्यंगचित्रकार. त्या चित्राशी त्यांचा काडीचाही संबंध नसताना त्यांची जागा गेली.

माझ्या मते चित्र मागे घेणे योग्य होते आणि व्यंगचित्र बंद करणे पूर्णपणे चुकीचे होते. पहिला निर्णय संपादनाचा होता, दुसरा संपादनाची जबाबदारीच टाकून देण्याचा. हा फरक नीट समजायचा तर माणसाला कुत्रा करून दाखवल्यावर कागदावर नेमके काय घडते, याकडे पाहावे लागते. कुत्रा हे व्यंगचित्रातले फार जुने, फार परिणामकारक आणि हाताळायला फार जोखमीचे प्रतीक आहे, आणि त्याचे चांगले-वाईट ठरवण्यासाठी ‘हे अपमानास्पद आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. व्यंगचित्रातल्या कुत्र्यामुळे कोणाचा तरी अपमान होणारच असतो. तो कशासाठी होतो आणि कोणाचा होतो, हे विचारायला हवे.

इतर प्राणी व्यंगचित्रात एकटे उभे राहू शकतात. थॉमस नास्ट याने १८७० मध्ये गाढव आणि १८७४ मध्ये हत्ती रेखाटून अमेरिकेतल्या दोन पक्षांची जी चिन्हे रूढ केली, त्यांना कोणी धनी असावा लागत नाही. हट्ट, बोजडपणा, बुजरेपणा हे त्यांचे स्वतःचे गुण असतात. सिंह, वाघ, अस्वल, गरुड हेही तसेच. कुत्रा मात्र चित्रात आला की त्याच्याबरोबर दुसरा कोणीतरी येतोच. तो दिसत नसला तरी त्याच्या हातातली साखळी दिसते, त्याने ठेवलेले ताट दिसते, किंवा ज्या दिशेने कुत्रा मान वर करून पाहतो त्या दिशेला त्याचे असणे जाणवते. म्हणून कुत्रा हे मुळात नात्याचे चित्र आहे. सत्ता नेमकी कोणाकडे आहे आणि ती कोण दुसऱ्याच्या वतीने वापरतो आहे, हे सांगायला लेखकाला परिच्छेद लागतो. व्यंगचित्रकाराला एक गळपट्टा पुरतो. राजकारणाचा मोठा भाग अशा दडवलेल्या नात्यांवरच चालत असल्यामुळे हे प्रतीक तीनशे वर्षे टिकून राहिले आहे.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना १९०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये शब्दांतून उभा राहिला. हुजूर पक्षाकडे बहुमत असलेले लॉर्ड्स सभागृह उदारमतवादी सरकारची विधेयके अडवत होते. हे सभागृह म्हणजे राज्यघटनेचा राखणदार कुत्रा आहे, असे त्याचे समर्थक म्हणत. सरकारमधले मंत्री लॉइड जॉर्ज यांनी ती उपमा तशीच उचलली आणि उलटवली: हा दणकट राखणदार मॅस्टिफ नसून विरोधी पक्षनेते बाल्फर यांचा लाडावलेला पूडल आहे, तो त्यांच्यासाठी वस्तू आणून देतो, त्यांच्यासाठी भुंकतो, ते सोडतील त्याच्या अंगावर जातो. लॉर्ड्सच्या सदस्यांचे चारित्र्य, त्यांचे घराणे, त्यांची बुद्धी यांबद्दल या वाक्यात एकही शब्द नव्हता. एक संस्था कोणासाठी काम करते आहे, एवढेच त्यात म्हटले होते, आणि ते मतदानाच्या नोंदींवरून कोणालाही तपासता येत होते. चार वर्षांनी, १९११ मध्ये, त्या सभागृहाचा नकाराधिकार कायद्याने मर्यादित झाला. पुढे २००३ च्या इराक युद्धाच्या काळात टोनी ब्लेअर यांना अमेरिकी अध्यक्षांचा पूडल म्हणून अनेक व्यंगचित्रकारांनी रंगवले, तेव्हाही त्या चित्रांमागचे विधान असेच तपासण्याजोगे होते. ब्लेअर यांना ते झोंबले असेल. झोंबण्यासाठीच ते काढलेले होते.

साखळी चित्रात स्पष्ट दाखवली की काय साधते हे जॉन टेनिएल याच्या १७ जून १८७६ च्या ‘पंच’ या ब्रिटिश व्यंगसाप्ताहिकातल्या चित्रात पाहावे. रशियाने चार कुत्रे साखळीला धरले आहेत. त्यांवर सर्बिया, मॉन्टेनेग्रो, बोस्निया आणि हर्झेगोव्हिना अशी नावे आहेत, आणि कुंपणापलीकडून इंग्लंड त्याला सावध करते आहे की हे सुटले तर अवघड होईल. बाल्कनमधल्या त्या वर्षीच्या संकटाचा ब्रिटिश वाचकाला समजेल असा सारांश या एका चौकटीत आहे. तरीही मला त्यातली उणीव दुर्लक्षिता येत नाही. ज्या चार प्रदेशांतली माणसे स्वतःच्या कारणांसाठी तुर्की सत्तेविरुद्ध उठली होती वा उठू पाहत होती, ती या चित्रात दुसऱ्याने भुंकवलेली जनावरे झाली. साखळी दाखवताना व्यंगचित्रकार एका टोकाकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्या टोकाचे तोंड बंद करतो. साम्राज्याच्या राजधानीत बसून चित्र काढणाऱ्याला हे जाणवलेही नसेल. आज संपादकीय पानावर बसणाऱ्याला ते जाणवलेच पाहिजे.

साखळी काढून टाकली तर काय होते? दोन अगदी वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. पहिली गौरवाची. ८ जून १९४० रोजी, फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघार घेऊन परतल्याला आठवडाही झाला नसताना, ‘डेली एक्सप्रेस’ या ब्रिटिश दैनिकात व्यंगचित्रकार स्ट्रूबने विन्स्टन चर्चिल यांना बुलडॉग करून दाखवले: डोक्यावर पोलादी टोप, पाय जमिनीत रोवलेले, नजर समोर. या कुत्र्याला धनी नाही. आहे ती राखण करायची भूमी. म्हणूनच त्याला कोणी अपमान समजले नाही, उलट चर्चिल आणि बुलडॉग ही जोडी पुढे दशकानुदशके पक्की झाली. धनी नसलेला असाच एक बुलडॉग त्याआधी म्युनिकमध्ये जन्मला होता. १८९६ मध्ये सुरू झालेल्या ‘सिम्प्लिसिसिमस’ या व्यंगसाप्ताहिकासाठी थॉमस थिओडोर हाइने याने काढलेला तो लाल बुलडॉग साखळी तोडून उभा होता. त्याचे मोल दोन वर्षांत चुकवावे लागले; कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, टर उडवणाऱ्या एका अंकाबद्दल १८९८ मध्ये हाइनेला तुरुंगवास झाला आणि प्रकाशकाला देश सोडावा लागला. हाइनेने कुत्रा निवडला तो दुसऱ्या कोणाला हिणवण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या व्यवसायाचे वर्णन म्हणून, आणि त्याआधी १७६३ मध्ये इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थनेही तेच केले होते. चार्ल्स चर्चिल या कवीने हॉगार्थवर पद्यातून हल्ला चढवला, तेव्हा हॉगार्थने आपल्याच स्वचित्राचा जुना ताम्रपट काढला, स्वतःच्या जागी कवीला अस्वल करून बसवले, पण आपला पग कुत्रा तसाच ठेवला आणि त्याला त्या कवितेवर लघवी करताना दाखवले. अभिरुचीच्या दृष्टीने हे फार उंचीचे नाही. पण त्या काळच्या वादात चित्रकार कोणत्या बाजूने बोलतो आहे हे त्या छोट्या जनावराइतके थेट दुसरे काहीच सांगू शकले नसते.

साखळी काढून टाकल्यावर होणारी दुसरी गोष्ट भयंकर आहे, आणि ती हळूहळू होते. धनी नाहीसा झाला, नाते नाहीसे झाले, की चित्रात उरते ती फक्त कुत्र्याची जात. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, लंडनमध्ये एक व्यंगनकाशा छापला गेला. त्यात युरोपातले देश कुत्रे झाले होते: ब्रिटन बुलडॉग, फ्रान्स पूडल, जर्मनी डॅशहंड, ऑस्ट्रिया-हंगेरी मिश्र जातीचा. नकाशा चित्तवेधक होता आणि छापणाऱ्यांचा हेतू आपल्या लोकांचे मनोधैर्य टिकवण्याचा होता, हे मान्य. पण बाल्फर यांच्या पूडलच्या चित्रात जे विधान होते ते इथे उरले नाही. जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले हे कृत्य होते. डॅशहंड असणे हे कृत्य नव्हे. कृत्य बदलता येते, त्याचा जाब विचारता येतो, त्याबद्दल करार करता येतो. जातीबद्दल यांतले काहीच करता येत नाही. युद्धकाळात ब्रिटन आणि अमेरिकेत खऱ्याखुऱ्या डॅशहंड कुत्र्यांची लोकप्रियता घसरली आणि ते पाळणाऱ्यांकडे संशयाने पाहिले गेले. जर्मन शेफर्ड या जातीचे नाव ब्रिटनमध्ये युद्धानंतर बदलून अल्सेशियन ठेवले गेले आणि ते मूळ नाव १९७७ पर्यंत अधिकृतपणे परतले नाही. हे सगळे एकट्या व्यंगचित्रांनी घडवले असे कोणी म्हणणार नाही. पण राष्ट्राचा द्वेष ज्या मुक्या प्राण्याला ते राष्ट्र ठाऊकही नाही त्याच्यापर्यंत पोहोचला, यावरून हे प्रतीक किती सहजपणे आपली मर्यादा सोडते ते दिसते.

त्या वाटेच्या शेवटी काय आहे तेही विसाव्या शतकाने दाखवले. ज्यूद्वेषावरच चालणाऱ्या ‘डेर श्ट्युर्मर’ या नाझी वृत्तपत्राच्या प्रकाशनगृहाने १९४० मध्ये लहान मुलांसाठी एक पुस्तक काढले, ज्यात ज्यूंची तुलना मिश्र जातीच्या कुत्र्याशी, तरसाशी, टोळांशी आणि ढेकणांशी केली होती. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते: त्या कुत्र्याला धनी नाही, राखायला अंगण नाही, त्याने कोणाचे काय केले याचाही प्रश्न नाही, त्याचा दोष त्याच्या जन्मात आहे, आणि म्हणूनच तो ढेकणांच्या रांगेत बसू शकतो. चारच वर्षे आधी, स्टालिनच्या विरोधकांवर चाललेल्या १९३६ च्या मॉस्को खटल्यात, सरकारी वकील विशिन्स्की याने आरोपींना पिसाळलेले कुत्रे म्हणून त्यांना गोळ्या घालण्याची मागणी केली होती. तिथे वंशाचा प्रश्न नव्हता, पण युक्ती तीच होती. पिसाळलेल्या कुत्र्याशी कोणी वाद घालत नाही, त्याचे म्हणणे ऐकून घेत नाही. त्याचे पुढे काय करायचे ते त्या एका विशेषणातच ठरलेले असते.

आता आंतोनियोच्या चित्राकडे पाहावे. एका छोट्या देशाचा पंतप्रधान महासत्तेच्या अध्यक्षाला आपल्याला हव्या त्या वाटेने नेतो आहे आणि अध्यक्ष डोळे मिटून जातो आहे, हे विधान एखाद्याला पटेल, एखाद्याला पटणार नाही. पण ते दोन सत्ताधाऱ्यांच्या वर्तनाबद्दलचे विधान आहे आणि त्यावर वाद घालता येतो. अंधाला वाट दाखवणारा कुत्रा ही कल्पना तर साखळीच्या जुन्या प्रतीकाला कलाटणी देणारी आहे, कारण इथे साखळी हातात असलेलाच ओढला जातो. एवढ्यावर चित्र थांबले असते तर ते मागे घेण्याचे कारण नव्हते. गळपट्ट्यावरच्या ताऱ्याबद्दल, तो इस्रायलच्या ध्वजावरही आहे, असा बचाव करता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. ट्रम्प यांच्या डोक्यावरच्या टोपीचा मात्र असा कोणताही बचाव नाही. ती ध्वजावर नाही, ती धर्माची खूण आहे. आणि ती तिथे आली त्या क्षणी दोन नेत्यांचे नाते संपले आणि ज्यू लोक पडद्याआडून जगाला चालवतात हा जुना, रक्ताने माखलेला आरोप सुरू झाला. दोष कुत्र्यात नव्हता, दोष टोपीत होता. ज्या संपादकाला हे दिसले असते त्याने चित्रकाराला फोन करून टोपी काढायला आणि ताऱ्याचा पुनर्विचार करायला सांगितले असते. त्याऐवजी वृत्तपत्राने आधी न पाहता छापले, आणि नंतर छापणेच बंद केले.

चित्रात सत्तेचे नाते दिसते की फक्त जात, ही कसोटी सगळीकडे पुरते असा माझा दावा नाही. मे २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या झापिरो या व्यंगचित्रकाराने तिथल्या सरकारी अभियोक्त्यांच्या प्रमुखाला अध्यक्ष जेकब झुमा यांच्या तालावर नाचणारे माकड करून दाखवले. नात्याच्या दृष्टीने ते चित्र बिनचूक होते: धनी कोण, नाचणारा कोण, हे स्पष्ट होते. तरीही कृष्णवर्णीय माणसाला माकड म्हणण्याचा वंशवादी इतिहास त्या देशात इतका ताजा होता की नाते वाचले जाण्याआधीच तो इतिहास वाचला गेला, आणि झापिरोने आपली चूक झाल्याचे सांगितले. म्हणजे एखादा प्राणी एखाद्या समाजाच्या अंगावर आधीच फेकला गेला असेल, तर तो प्राणी त्या समाजातल्या व्यक्तीसाठी कितीही नेमका असला तरी वापरता येत नाही. दुसरे प्रतीक शोधावे लागते. कुत्र्याच्या बाबतीतही अनेक समाजांत अशा जखमा आहेत. २००७ मध्ये स्वीडनच्या लार्स विल्क्स या चित्रकाराने इस्लामच्या प्रेषितांचे शीर कुत्र्याच्या धडावर काढले आणि ‘नेरिकेस आलेहांडा’ या दैनिकाने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या अग्रलेखासोबत ते छापले. त्यानंतर विल्क्सला ज्या धमक्या आल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये रस्ता अपघातात मृत्यू येईपर्यंत ज्या पोलीस पहाऱ्यात जगावे लागले, त्याचे समर्थन कोणत्याही श्रद्धेच्या नावाने होऊ शकत नाही. पण चित्र म्हणून पाहता त्यात सत्तेबद्दल काही नव्हते. कोणत्याही सत्ताधाऱ्याची साखळी त्यात उघडी पडत नव्हती. दुखावले गेले ते सामान्य श्रद्धावान, ज्यांच्या हातात त्या देशात फारशी सत्ता नव्हती. ते काढण्याचा हक्क मी मान्य करतो. ते चांगले व्यंगचित्र होते हे मान्य करत नाही.

हक्क आणि गुणवत्ता यांतला हा भेद आपल्या न्यायालयानेही एकदा नेमकेपणाने दाखवला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. त्यांच्या चित्रांपैकी एकात राष्ट्रचिन्हातल्या सिंहांच्या जागी लांडगे होते आणि दुसऱ्यात अजमल कसाबला कुत्र्याच्या रूपात राज्यघटनेवर लघवी करताना दाखवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ च्या निकालात म्हटले की या चित्रांत भ्रष्टाचाराविरुद्धचा राग आणि उद्वेग भरलेला असला तरी विनोद, चातुर्य किंवा उपरोध नाही. आणि तरीही तो राजद्रोह ठरत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. चित्र सुमार आहे म्हणून चित्रकाराला कोठडीत टाकता येत नाही, आणि चित्रकाराला कोठडीत टाकता येत नाही म्हणून चित्र उत्तम ठरत नाही. यांतला पहिला भाग न्यायालयाने सांभाळायचा असतो, दुसरा संपादकाने. संपादक आपला भाग सोडून देतात तेव्हा सगळा भार कायद्यावर येतो, आणि कायद्याकडे अटक आणि सुटका यांखेरीज दुसरी साधने नसतात.

कोणी म्हणेल, माणसाला जनावर करून दाखवणे ही पद्धतच टाकून द्या म्हणजे प्रश्न मिटेल. प्रामाणिक माणसे असे म्हणतात, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे. सत्ताधारी स्वतः ही प्रतीके वापरायचे सोडत नाहीत, हे पहिले उत्तर. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २३ सप्टेंबर १९४४ च्या भाषणात आपल्या फाला या कुत्र्याची बाजू घेऊन विरोधकांना हास्यास्पद केले. निक्सन यांनी बरोबर आठ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९५२ रोजी, निधीच्या आरोपांना उत्तर देताना मुलींना भेट मिळालेला चेकर्स हा कुत्रा पुढे केला आणि उपाध्यक्षपदाची उमेदवारी वाचवली. २००७ मध्ये पुतिन यांच्याशी बोलणी करायला बसलेल्या अँगेला मर्केल यांना कुत्र्यांची भीती वाटत असताना पुतिन यांचा काळा लॅब्रडॉर खोलीत मोकळा फिरत होता. सत्ता कुत्र्याचा असा उपयोग करते, कधी माया दाखवण्यासाठी तर कधी धाक घालण्यासाठी, आणि तो उपयोग उघडा करून दाखवणारी कला आपण होऊन निःशस्त्र झाली तर फायदा सत्तेचाच होतो. शिवाय प्राण्यांचे सोंग काढून घेतले की उरते ती हुबेहूब व्यक्ती, आणि तिच्या रंगाची, नाकाची, अंगाची थट्टा. ती अधिक माणुसकीची असते असे इतिहास सांगत नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच, व्यंगचित्रकाराच्या गळ्यातल्या साखळीची. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर ‘सिम्प्लिसिसिमस’ने ज्यू असलेल्या हाइनेला बाहेर काढले, तो परदेशी पळाला आणि १९४८ मध्ये स्टॉकहोममध्ये वारला, आणि साप्ताहिक मात्र नव्या राजवटीला न दुखावता १९४४ पर्यंत निघत राहिले. आज लोकशाही देशांत इतके उघड काही करावे लागत नाही. जुलै २०२३ मध्ये मॅक्लॅची या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाने पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळवलेल्या तीन व्यंगचित्रकारांना एकाच दिवशी कमी केले. पुलित्झरमध्ये १९२२ पासून दिला जाणारा संपादकीय व्यंगचित्राचा स्वतंत्र पुरस्कारही २०२२ मध्ये सचित्र वार्तांकनाच्या व्यापक गटात विलीन झाला. जानेवारी २०२५ मध्ये व्यंगचित्रकार अॅन टेलनेस यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा राजीनामा दिला, कारण ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे वाकलेल्या धनाढ्यांत त्या वृत्तपत्राचे मालक जेफ बेझोस यांनाही दाखवणारे त्यांचे चित्र स्वीकारले गेले नव्हते, त्याच विषयावर आधी लेख येऊन गेला होता, असे कारण संपादकांनी दिले. त्याच वर्षी टेलनेस यांना पुलित्झर मिळाले.

ज्या वृत्तपत्राला व्यंगचित्र ठेवायचे आहे त्याला फार काही करावे लागत नाही. चित्र दोन जाणत्या माणसांनी पाहावे, आणि त्यांतल्या एकाला तरी चित्राच्या विषयाचा इतिहास ठाऊक असावा. साखळी कोणाच्या हातात आहे आणि ती चित्रात दिसते का, हे विचारावे; दिसत नसेल तर चित्रकाराशी बोलावे. चूक झालीच तर माफीबरोबर ती नेमकी कुठे झाली हे त्याच पानावर लिहावे, म्हणजे वाचकालाही पुढच्या वेळी ती ओळखता येईल. आणि जे चित्र मालकाला दुखावते म्हणून बाजूला पडते, ते संपादकाने स्वतःच्या जबाबदारीवर छापावे, किंवा का छापले नाही ते स्वतःच्या सहीने वाचकांना सांगावे.